जुन्या गाडीचं स्टीअरिंग आणि सस्पेन्शन: पार्ट बदलण्याआधी प्ले कुठे आहे ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी 17 वर्षांची, छोटी, पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेली. खड्ड्यातून जाताना पुढे डावीकडे खडखडतं, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते आणि स्टीअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतं. गॅरेजने यादी हातात दिली आहे: स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दात्यांचा दांडा), पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे लोखंडी हात), चारही टायर. एवढं सगळं बदलायलाच हवं का, आणि यातलं घरी काय करता येईल?

यादी खोटी असेलच असं नाही. या वयाच्या गाडीत तिच्यातला प्रत्येक पार्ट थकलेला असू शकतो. माझी हरकत एवढीच की कुठल्या सांध्यात प्ले, म्हणजे नको असलेली ढिलाई, आहे हे त्या यादीत कुठेच नाही. वायरिंगमधला लपलेला बिघाड शोधताना मेकॅनिक चाचपडला तर मी समजू शकतो. स्टीअरिंग-सस्पेन्शनमध्ये ती सबब चालत नाही. इथे झिजलेली वस्तू हाताला हलते, फाटलेली डोळ्याला दिसते. तेव्हा गाडी वर घेऊन ‘हे बघा, इथे हलतंय’ असं दाखवल्याशिवाय एकही पार्ट खोलू देऊ नका. आणि रॅकचा नंबर सगळ्यात शेवटी.

सुरुवात टायरपासून, कारण तिथे पानाही लागत नाही. टायर थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेली हवा भरा. डावी-उजवीकडे हवेचा फरक असेल तर गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते, आणि तेवढ्यावरून अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घेणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. मग टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुनं रबर टणक होतं आणि टणक टायर प्रत्येक बारीक धक्का जसाच्या तसा वर पोचवतो.

आता नक्षीवरून तळहात फिरवा, आधी आडवा, मग गोलाकार. दोन्ही कडा झिजून मधला भाग उंच राहिला असेल तर गाडी बराच काळ कमी हवेवर चालली आहे. मधलाच झिजला असेल तर उलट. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) किंवा टो (वरून पाहताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलेला आहे. आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धार लागत असेल तर नक्कीच टो. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप चाकाला रस्त्यावर धरून ठेवत नाहीत, किंवा बॅलन्सिंग कधी झालेलंच नाही. हे पाहून झालं की पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून गाडी चालवा. ओढ डावीकडून उजवीकडे गेली तर दोष टायरच्या आतल्या बांधणीत आहे, आणि तो कुठल्याच अलाइनमेंटने जाणार नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर अशी अदलाबदल करू नका. त्याच बाजूचा मागचा टायर पुढे आणा.

ओढीबद्दल आणखी दोन गोष्टी. पाणी निघून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे गाडी कडेकडे किंचित सरकणं स्वाभाविक आहे. रिकाम्या, सपाट जागेत दोन्ही दिशांनी चालवून मगच मत बनवा. दुसरी म्हणजे ब्रेक. शक्यतो ब्रेक न मारता काही किलोमीटर चालवा, थांबा आणि दोन्ही पुढच्या रिमच्या जवळ हात न्या. डावं चाक स्पष्टपणे जास्त तापलं असेल तर कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, अडकतोय आणि तुमचं अर्धं सस्पेन्शन निर्दोष आहे.

हेही तपासा: हात अगदी सैल सोडल्यावर स्टीअरिंग स्वतःहून डावीकडे फिरतं, की स्टीअरिंग वाकडं दिसत असूनही गाडी सरळच जाते? पहिली असेल तर ओढ. दुसरी असेल तर बहुधा टो दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला नाही, किंवा मागचा अ‍ॅक्सल तिरका बसलाय. तुमच्या वर्णनावरून मला पहिली वाटते, पण गाडी मी चालवलेली नाही.

यानंतर गाडी उचलायची. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाच भाग जाऊ द्यायचा नाही. सपाट, घट्ट जमीन, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक, आणि गाडीचा भार घोड्यांवर (जॅक स्टँडवर). घोड्या लावल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून आत-बाहेर हलवा. खटका लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खटका नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) किंवा त्याच्या वरचं काहीतरी. आता इथे एक बारकावा आहे, जो अनुभवी माणसंही विसरतात. तुमच्या गाडीसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाडीत स्प्रिंगचा भार लोअर बॉल जॉइंटवर येत नाही, तो सरळ स्ट्रटमधून बॉडीला जातो. म्हणून चाक लोंबकळत असताना बॉल जॉइंटचा प्ले कळतो. पण ज्या गाड्यांत वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे चाक हवेत असलं तरी स्प्रिंग त्या सांध्याला ताणून धरते आणि पार झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. अशा गाडीत जॅक लोअर आर्मखालीच लावून सांधा मोकळा करायचा, मग हलवायचं.

मग चाक 9 आणि 3 वर धरा. एक चाक हलवल्यावर दुसरंही सोबत फिरलं तर ते स्टीअरिंगच फिरतंय, त्यात काही बिघाड नाही. दुसरं स्थिर राहून हेच चाक खटखटलं तर बाहेरचा टाय रॉड एंड किंवा आतला रॅक एंड, म्हणजे रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांचे सांधे. बाहेरचा समोर दिसतो. आतला रबरी बूटच्या आत लपलेला असतो, पण बूट बोटांनी दाबून आतला दांडा धरला आणि दुसऱ्याने चाक हलवलं की सांध्यातला खटका बोटांना स्पष्ट लागतो.

माझी सगळ्यात आवडती चाचणी मात्र गाडी चाकांवर उभी असतानाची आहे, कारण भार आल्यावर सांधे खरं बोलतात. गाडी रॅम्पवर किंवा पिटवर, इंजिन बंद. एकाने स्टीअरिंग भराभर थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करायचं, चाकं जेमतेम हलतील इतकंच. दुसऱ्याने खाली जाऊन एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा: टाय रॉड एंड, रॅक एंड, बॉल जॉइंट, रॅकचे बॉडीला धरणारे क्लॅम्प आणि त्यांची रबरं, स्टीअरिंग शाफ्टचा सांधा. जो झिजलाय तो तळव्याला टोचतो. स्टीअरिंग लॉक उघडण्यापुरतीच किल्ली फिरवा, आणि चाक व बॉडीच्या मध्ये बोटं घालू नका.

बुश, म्हणजे आर्म जिथे जोडलाय तिथलं रबर, तपासायला टॉमी (लोखंडी पहार) लागते. लोअर आर्मचा पुढचा बुश सहसा टिकतो, मागचा आधी जातो. टॉमी आर्म आणि सबफ्रेमच्या (ज्या खालच्या लोखंडी चौकटीला तो जोडलेला असतो तिच्या) मध्ये घालून हलकेच उचकटा. रबरावर बारीक चिरा दिसल्या म्हणून घाबरू नका, जुन्या रबरावर त्या असणारच. रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल, किंवा आर्म नळीभोवती मोकळा सरकत असेल, तर बुश गेला. काही गाड्यांत हा बुश आतून द्रवाने भरलेला असतो आणि फुटला की आजूबाजूला काळपट ओघळ दिसतो. गेलेल्या मागच्या बुशची खूण चालवतानाही कळते: ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा बदलते आणि गाडी एका बाजूला झुकते, पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दिला की उलटीकडे. तुमची गाडी असं करत असेल तर डावीकडचा बुश हा माझा पहिला संशयित.

खडखडाटाचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, कारण आवाज सबफ्रेममधून फिरून भलत्याच ठिकाणी ऐकू येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं याच कामात सगळ्यात जास्त होतं. कमी वेगात, एकच चाक खड्ड्यात गेल्यावर कोरडी खटखट होत असेल तर स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या बारचा) लिंक रॉड आधी बघा. हा दोन छोटे बॉल जॉइंट असलेला पातळ दांडा आहे, स्वस्तातला पार्ट आहे आणि जुन्या गाडीतल्या खडखडाटाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. हाताने तपासताना तो फसवतो: एक चाक वर आणि एक खाली असेल तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो, लिंक ताणलेला असतो आणि प्ले लागत नाही. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर ठेवून हलवा. खात्री होत नसेल तर दोन्ही लिंक काढा, बाजूला बांधून ठेवा आणि त्याच खराब रस्त्यावरून अगदी सावकाश एक चक्कर मारा. वळणावर गाडी जास्त कलेल, म्हणून वेग अजिबात नको. आवाज बंद झाला तर निकाल लागला: लिंक, नाहीतर बारची मधली रबरं.

ब्रेक पेडलवर नुसता पाय टेकवल्यावर खडखड थांबत असेल तर ते सस्पेन्शन नाहीच. कॅलिपरच्या पिना किंवा पॅडच्या क्लिपा सैल आहेत. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंगमधून ‘टण्ण’ आवाज येत असेल, स्प्रिंगवर हात ठेवल्यावर ती अडकून मग उसळी मारत असेल, तर स्ट्रटच्या वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग जाम आहे. हे बेअरिंग आणखी एक खोड लावतं. वळण संपल्यावर स्टीअरिंग पूर्ण सरळ होत नाही, डावीकडे वळून आलात तर गाडी थोडा वेळ डावीकडेच ओढते, उजवीकडे वळून आलात तर उजवीकडे. ओढीची बाजू अशी बदलत असेल तर अलाइनमेंटवर पैसे घालवू नका.

शॉकअप गेला आहे का हे बॉनेट दाबून सोडण्याने ठरवतात. ती चाचणी पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, अर्धमेला नाही. त्यापेक्षा स्ट्रटचं अंग बघा. वरच्या बाजूला तेलाचा हलका ओशटपणा आणि त्यावर धूळ चालते. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो बदला. दांड्यावर ओरखडे, फाटलेलं धूळकव्हर, चुरा झालेला बम्प स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारं रबर) याही नोंदी. स्प्रिंगचं खालचं टोकही बघायचं. तिथे पाणी साचतं, गंज चढतो आणि शेवटचा अर्धा वेढा तुटून कपात पडलेला असतो. वरून काही कळत नाही. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजा. पुढच्या दोघांत डोळ्याला जाणवेल इतका फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा तुटली आहे.

रॅककडे आता येऊ. रॅकवर आळ येतो कारण तो महाग आहे आणि त्याचा खटका स्टीअरिंगमधून हाताला लागतो. पण तसाच खटका चार वेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो. रॅक एंड सैल असेल तर तो वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खा रॅक बदलायची गरज नाही. रॅकच्या ज्या टोकाला पिनियन (स्टीअरिंगने फिरणारं छोटं दातेरी चाक) नसतो तिथे एक प्लॅस्टिकचा बुश असतो. बऱ्याच रॅकमध्ये तोही वेगळा बसवता येतो. स्टीअरिंग शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट गंजला की स्टीअरिंग एका फेरीत जड-हलकं-जड-हलकं होतं, आणि लोक दोष रॅकला देतात. इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगच्या काही गाड्यांत मोटर आणि वर्म गिअर यांच्यामध्ये तळहातावर मावेल एवढं रबरी कपलिंग असतं. ते चुरा झालं की स्टीअरिंग हलवताना टकटक येते आणि त्यापायी चांगले रॅक भंगारात जातात.

रॅकच्या पोटाखाली एक मोठा अ‍ॅडजस्टिंग नट असतो. तो थोडा आवळला की प्ले जातो, म्हणून काही मेकॅनिक चट्कन तेच करतात. रॅकचे दाते मध्यावर सगळ्यात जास्त झिजतात कारण गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. मध्यावरचा प्ले घालवण्यासाठी आवळलं की न झिजलेल्या टोकांकडे रॅक जखडतो, आणि वळणानंतर स्टीअरिंग परत येत नाही. हा बिघाड मूळच्या खटक्यापेक्षा धोकादायक आहे. आवळायचंच असेल तर गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, अगदी थोडं, आणि नंतर चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टीअरिंग सारखंच फिरतंय याची खात्री करून. रॅक खरोखर बदलण्याची कारणं मोजकी: सील गळून बूटमध्ये तेल भरलंय, दांड्यावर गंजाचे खड्डे पडलेत, किंवा दात्यांची झीज अ‍ॅडजस्टमेंटच्या पलीकडे गेली आहे.

गंज का चढतो, तर बूट फाटतो म्हणून. जुन्या गाडीत किलोमीटरपेक्षा वर्षं महत्त्वाची. कमी चालली आहे म्हणजे सस्पेन्शन ठणठणीत, हा समज सोडून द्या. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. बॉल जॉइंटचा किंवा रॅकचा बूट फाटला की ग्रीस बाहेर येतं, पाणी आणि धूळ आत जाते, आणि वर्षानुवर्षं टिकला असता तो सांधा बघता बघता संपतो. दर सर्व्हिसला टॉर्च घेऊन सगळे बूट बघणं, एवढी एक सवय लावली तरी पुष्कळ आहे. फाटलेला रॅकचा बूट वेळेत सापडला, दांडा स्वच्छ असला, तर जुनं ग्रीस पुसून नवं लावून नवा बूट क्लिपांसकट बसवा. क्लिपेच्या जागी तार गुंडाळलेली पाहिली की माझं डोकं फिरतं.

आता घरी काय करता येईल. लिंक रॉड, टाय रॉड एंड, रॅकचे बूट, स्टॅबिलायझरची रबरं हे नीट पाने, टॉर्क रेंच आणि धीर असलेल्या माणसाला जमतं. गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशीच वायर ब्रश मारून गंज सोडवणारं तेल टाकून ठेवा. टाय रॉड एंड काढताना लॉक नट सैल करायच्या आधी त्याची जागा खुणेने धरा आणि जुना एंड किती फेऱ्यांनी निघाला ते मोजा. नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) छिद्रात त्याचा टेपर (निमुळता भाग) घट्ट बसलेला असतो. त्यासाठी पुलर वापरा. नसेल तर नट आट्यांच्या टोकापर्यंत मागे घेऊन ठेवा आणि नकलच्या कानाला बाजूने हातोडीचे एक-दोन ठणठणीत ठोके द्या, मागून दुसरी जड हातोडी टेकवून. टेपर उडतो. आट्यांवर वरून ठोकत बसाल तर बोल्ट फुलेल आणि काम दुप्पट होईल. नवा एंड बसवल्यावर कॅसल नट ठरलेल्या टॉर्कला आवळा. पिनेचं छिद्र जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचं, जुळवण्यासाठी सैल कधीच करायचं नाही. कॉटर पिन आणि नायलॉनचे नट दरवेळी नवे.

फेऱ्या मोजून बसवला म्हणजे टो बरोबर आला असं समजू नका. टाय रॉडचा एक पूर्ण फेरा चाकाचा कोन अर्ध्या अंशाच्या आसपास बदलतो, आणि टोचा हिशेब त्याच्या कितीतरी बारीक असतो. मोजलेल्या फेऱ्या अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश पोचण्यापुरत्या.

लोअर आर्म काढताना बॉल जॉइंट नकलमध्ये बहुधा आडव्या पिंच बोल्टने धरलेला असतो. बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या खाचेतून जातो. नकलची फट छिन्नीने हलकेच उघडा; जास्त ताणली तर तिला तडा जाऊ शकतो. आर्म सुटल्यावर नकल बाहेर ओढू नका, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा सुटतो. कॅलिपर ब्रेक होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने वर बांधा. एबीएसची वायर आधीच मोकळी करा. आर्म अख्खा घ्यावा की फक्त बुश आणि बॉल जॉइंट? आर्म गंजलेला किंवा वाकलेला नसेल आणि प्रेस हाताशी असेल तर चांगल्या प्रतीचे बुश दाबून घेणं मला जास्त पसंत आहे. निकृष्ट अख्खा आर्म आणला की वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेच काम निघतं. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात हे खरं, पण रस्त्याचा प्रत्येक खरखरीतपणा आत आणतात आणि वंगण आटलं की कुरकुरतात. रोजच्या गाडीत मी रबरच बसवतो.

आणि आता ती चूक, जिच्यामुळे नवे बुश वर्षभरात फाटतात. रबरी बुशची आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि आर्म वर-खाली होताना रबर स्वतः पिळलं जातं. ते नळीभोवती फिरत नाही. गाडी हवेत, चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची शांत अवस्था तीच ठरते. गाडी खाली उतरली की रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. म्हणून बुशचे बोल्ट फक्त अडकवून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा जॅकने आर्म चालतानाच्या उंचीवर आणायचा, मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. ‘पार्टच खराब निघाला’ अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हेच असतं. गॅरेजमध्ये काम देताना हे आधीच सांगा; कोणाला राग आला तर येऊ दे.

स्ट्रटमधून शॉकअप काढण्याचं काम मात्र घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात तोडते, माणूसही मारते. ती नीट, दोन्ही बाजूंनी सारखी दाबलेली नसताना वरच्या माउंटचा मधला नट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ. गॅरेजमध्ये हे काम होताना तीन गोष्टी बघून घ्या. शॉकअप जोडीनेच बदलले जावेत, सोबत माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप आणि धूळकव्हरही. नव्या शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीत धरून फिरवला जाऊ नये, त्यावरचा एक ओरखडा सील फाडायला पुरतो. आणि स्ट्रट नकलला धरणाऱ्या बोल्टांच्या जागेला उघडण्याआधी खूण केलेली असावी, कारण त्या छिद्रांतल्या मोकळीकीएवढा कॅम्बर बदलतो.

पॉवर स्टीअरिंग हायड्रॉलिक असेल तर तेलाचा प्रकार टाकीच्या झाकणावर बघा. काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना वेगळं सिंथेटिक तेल. एकात दुसरं मिसळलं तर सीलची वाट लागते. स्टीअरिंग पूर्ण टोकाला नेऊन धरून ठेवायची सवय असेल तर मोडा, पंपावर तेव्हा कमाल दाब असतो. पाइप उघडले असतील तर चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवा, तेल भरत राहा, बुडबुडे थांबले की मगच इंजिन सुरू करा. इलेक्ट्रिक असेल आणि अधूनमधून जड होत असेल तर आधी बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर.

तुमची गाडी रॅकची आहे. रॅकऐवजी स्टीअरिंग बॉक्स असलेली जुनी जीप किंवा मोटार असेल तर पिटमन आर्म, आयडलर आर्म, ड्रॅग लिंक असे सांधे वाढतात आणि ग्रीसचे निपल असतात, त्यांना ग्रीस द्यायचं असतं. बॉक्सचा प्ले काढायचा तर चाकं अगदी सरळ ठेवूनच. ती वळवून आवळलं तर सरळ चालताना बॉक्स जखडतो.

अलाइनमेंट सगळं झाल्यावर, आधी कधीच नाही. सैल सांध्यावर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतच टिकते. आधीचे आणि नंतरचे आकडे छापील मागा, चारही चाकांचे. गाडी कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह असलेल्या बाजूला ओढते, आणि कॅस्टर (बाजूने पाहताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) कमी असलेल्या बाजूला. छोट्या गाड्यांत हे दोन्ही बहुधा बदलता येत नाहीत, फक्त टो बदलतो. म्हणून ‘टो बरोबर केला, तरी ओढते’ असं उत्तर आलं तर कॅस्टरचे आकडे बघा. डावीकडचा कॅस्टर कमी असेल तर डावं चाक मागे सरकलंय: आर्म वाकलाय, बुश गेलाय, किंवा क्लच अथवा गिअरबॉक्सच्या कामात सबफ्रेम उतरवून परत बसवताना तिरकी बसली आहे. या तिसऱ्या कारणाचा विचार कोणी करत नाही. गाडीचं असं काम अलीकडे झालंय का आठवून बघा. सबफ्रेमचे बोल्ट सैल करून ती जागेवर सरकवली की ओढ जाते, एकही पार्ट न बदलता. आणि स्टीअरिंग व्हील वाकडं राहिलं म्हणून ते काढून एक दाता सरकवून बसवायला निघाले तर थांबवा. ते दोन्ही टाय रॉड समान आणि उलट फिरवूनच सरळ करायचं असतं.

तुमच्या जागी मी असतो तर क्रम असा ठेवला असता: हवा आणि टायरची अदलाबदल, ब्रेकचा ताप, मग डावीकडचा लिंक रॉड आणि लोअर आर्मचा मागचा बुश. बुश गेला असेल तर दोन्ही बाजूंचे एकदमच करा. शॉकअप तेल गळत असतील तरच. टायरची झीज एका कडेला असेल तर नवे टायर अलाइनमेंटच्या दिवशीच घाला, महिनाभर आधी नाही. रॅकला तोवर हात लावू नका. बाकीचं झाल्यावरही स्टीअरिंगमध्ये खटका राहिला तर उभ्या गाडीची ती तळव्याची चाचणी पुन्हा करा, या वेळी पिनियनच्या घरावर हात ठेवून.

काम झाल्यावर चाकाचे नट टॉर्क रेंचनेच आवळा; छोट्या गाड्यांत आकडा साधारण 85 ते 120 न्यूटन-मीटरमध्ये असतो, तुमच्या गाडीचा नेमका मॅन्युअलमध्ये मिळेल. दीड-दोनशे किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा वर घ्या आणि उघडलेला प्रत्येक बोल्ट एकदा तपासा. पुरेसा न आवळलेला लिंक रॉडचा नट जुन्याच आवाजात खडखडतो, आणि तेव्हा कोणीतरी पुन्हा रॅकचंच नाव घेईल.